पन्नास हजार टेबलांसमोर डीबीव्हर: कुठे चालतं, कुठे धापा टाकतं

डीबीव्हर हे डेटाबेसमधली टेबलं बघायचं आणि हाताळायचं साधन. त्याच्या मोफत कम्युनिटी आवृत्तीची बहुतेक परीक्षणं वीस-तीस टेबलांच्या नमुना डेटाबेसवर केलेली असतात. तिथे कुठलंही साधन देखणंच दिसतं. हे परीक्षण इंदुरात व्यापारी सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांसाठी आहे. त्यांच्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये सियागंजच्या किराणा पेढीपासून क्लॉथ मार्केटच्या आडतीपर्यंत सगळ्यांची खाती एकाच सर्व्हरवर असतात, आणि आधी कुणीतरी प्रत्येक पेढीला, शिवाय प्रत्येक आर्थिक वर्षाला वेगळी टेबलं काढायचं ठरवून ठेवलेलं असतं. निकाल आधीच सांगून टाकू: बघायला आणि शोधायला डीबीव्हर उत्तम आहे, पण मूळ सेटिंगवर उघडलंत तर मान टाकतं. आणि एकच बदल शेकडो पेढ्यांवर करायचा असेल किंवा बॅकअप घ्यायचा असेल, तर ते बाजूला ठेवून काळ्या खिडकीतलं पीएसक्यूएल, म्हणजे पोस्टग्रेसचं आज्ञा टाइप करायचं साधनच उघडावं लागतं. पाचपैकी साडेतीन.

ओझं किती आहे ते मोजून घेऊ. समजा १८० पेढ्या आहेत, दर पेढीला ४२ टेबलं (बिल, बिलाच्या ओळी, माल, खातेदार, रोजमेळ, जीएसटीचे तक्ते वगैरे) आणि सात वर्षांचा हिशेब. गुणाकार येतो ५२,९२०. पोस्टग्रेसच्या दप्तरात (टेबलांची नोंद ठेवणाऱ्या त्याच्या स्वतःच्या टेबलांत) मात्र एका टेबलाची एक नोंद नसते. मजकुराचा कॉलम असला की टोस्ट नावाचं जोड-टेबल आपोआप तयार होतं, त्याला स्वतःचा इंडेक्स (शोधसूची) असतो, आणि तुमच्या प्रायमरी कीचा (ओळीची ओळख ठरवणाऱ्या कॉलमचा) इंडेक्स वेगळा. म्हणजे एका टेबलामागे पीजी-क्लासमध्ये चार ओळी आणि डिस्कवर किमान चार फायली, एकूण २,११,६८०, त्याही डेटाबेसच्या एकाच फोल्डरमध्ये. कॉलमांची नोंद पीजी-अ‍ॅट्रिब्यूटमध्ये होते. वीस कॉलमांच्या टेबलाच्या तिथे २६ ओळी लागतात, कारण सहा कॉलम पोस्टग्रेसचे स्वतःचे असतात. टोस्ट आणि इंडेक्स धरून ३८. एकूण वीस लाखांच्या वर. रिकाम्या टेबलाची फाइल शून्य बाइटांची असते, पण रिकामा इंडेक्स ८ केबी खातोच, आणि असे दोन. एकही बिल न फाडता सव्वाआठशे एमबी गेले.

जुनी वर्षं उडवून मोकळं होता येत नाही. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात. ज्यांनी २०१७-१८ अजून ठेवलंय त्यांचं दुखणं वेगळंच: जीएसटी १ जुलै २०१७ ला, म्हणजे वर्षाच्या मधोमध आला, त्यामुळे त्या एका वर्षाची बिलं दोन साच्यांतली.

आता साधनाकडे. डीबीव्हर जावामध्ये, एक्लिप्सच्या सांगाड्यावर बांधलेलं आहे. कम्युनिटी आवृत्ती अपाचे २.० परवान्याखाली मोफत मिळते. पहिल्यांदा जोडणी करताना ते पोस्टग्रेसचा ड्रायव्हर इंटरनेटवरून उतरवून घेतं. दुकानाच्या ज्या मशीनला बाहेरचं जाळं नाही तिथे ड्रायव्हरची फाइल पेन ड्राइव्हवर नेऊन हाताने जोडावी लागते. मोठ्या डेटाबेससाठी डीबीव्हर डॉट आयएनआय या फाइलमधली जावाच्या मेमरीची कमाल मर्यादा २०४८ एमबी करून घ्या, आणि अपडेटनंतर ती फाइल पुन्हा तपासा. मेमरी कमी पडली तर डीबीव्हर लगेच बंद पडत नाही, आधी दहा मिनिटं गोगलगायीसारखं सरपटतं, आणि माणूस दोष नेटवर्कला देत बसतो.

सगळी टेबलं पब्लिक या एकाच स्कीमात (टेबलांच्या कप्प्यात) असतील तर डावीकडच्या झाडातली ‘टेबल्स’ ही फांदी उघडणं हीच पहिली चूक. नावांची यादी त्यामानाने लवकर येते. खरा वेळ जातो टेबलांसमोरचे आकडे भरायला. डीबीव्हर प्रत्येक टेबलाचा आकार विचारतं, आणि तो सांगायला पोस्टग्रेसला प्रत्येक टेबल, त्याचे इंडेक्स आणि टोस्ट उघडून फायलींची लांबी बघावी लागते. यातून दोन भानगडी होतात. एक, दुसऱ्या कुणी एखाद्या टेबलावर रचनाबदलाचं कुलूप (लॉक) लावलं असेल तर आकाराची क्वेरी त्या एका टेबलापाशी थांबून राहते, आणि सगळं झाड गोठल्यासारखं दिसतं. दुसरी भानगड सर्व्हरवर होते: उघडलेल्या प्रत्येक टेबलाची माहिती पोस्टग्रेस त्या जोडणीच्या मेमरीत धरून ठेवतं आणि जोडणी बंद होईपर्यंत सोडत नाही. ऑफिसात पाच जणांनी सकाळी झाड उघडलं आणि संध्याकाळपर्यंत तसंच ठेवलं, तर सर्व्हरची मेमरी कुठे गेली याचा शोध लॉगमध्ये लागत नाही. नॅव्हिगेटरच्या, म्हणजे या झाडाच्या, सेटिंगमध्ये हे आकडे दाखवणं बंद करता येतं. ते बंद केलं की तीच फांदी सुसह्य वेगाने उघडते.

त्याहून मोठा फरक स्कीमांनी पडतो. पेढीगणिक एक स्कीमा केला की झाडात १८० फांद्या दिसतात आणि एका फांदीत २९४ टेबलं. एवढं कुठलंही साधन सहज पेलतं. शिवाय डीबीव्हरची गाळणी (स्कीमांच्या किंवा टेबलांच्या फांदीवर उजवी क्लिक करून लावायची) जोडणीसोबत जपून ठेवली जाते, त्यामुळे सियागंज सांभाळणाऱ्याने आपल्या मशीनवर ‘सिया%’ एवढंच ठेवलं की बाकीचा पसारा त्याला दिसतच नाही. झाडाच्या डोक्यावर जी शोधपट्टी असते ती ही गाळणी नव्हे. ती उघडलेल्या फांद्यांमध्येच शोधते, आणि तिथे नाव सापडलं नाही म्हणून ‘टेबल उडालं’ अशी ओरड करण्यात अर्थ नाही.

गाळणी नावांवर चालते, म्हणून नावांची शिस्त आधी हवी. पेढीचा क्रमांक शून्यं लावून लिहा: १७ नव्हे, ००१७. एसक्यूएलच्या लाइकमध्ये (नमुन्याशी नाव जुळवणाऱ्या शब्दात) अधोरेखा म्हणजे ‘कुठलंही एक अक्षर’, त्यामुळे ‘पेढी१_%’ असं शोधलंत तर पेढी१० ते पेढी१९ सगळ्या हजर होतात. डिलीट करणारी स्क्रिप्ट अशा शोधावर चालवली तर पुढचं बोलायला नको. पीएसक्यूएलच्या यादीच्या आज्ञेत मात्र अधोरेखा ही अधोरेखाच असते, तिथे तारा आणि प्रश्नचिन्ह चालतं. दोन्हीकडे एकच नमुना चिकटवला की गोंधळ झालाच.

देवनागरी नावं ठेवणाऱ्यांनी हे नीट वाचा. पोस्टग्रेसमध्ये नावाला ६३ बाइटांची मर्यादा आहे, अक्षरांची नाही. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना, वेलांटी, अनुस्वार सगळं, तीन-तीन बाइट घेतं. म्हणजे फार तर २१ चिन्हं. ‘सियागंज_किराणा_विक्री_२०२३’ हे नाव घ्या. सियागंज २१ बाइट, किराणा १८, विक्री १८, मधल्या दोन अधोरेखा धरून ५९ झाले. पुढची अधोरेखा ६० वा, ‘२’ ने ६३ भरले. उरलेलं ‘०२३’ पोस्टग्रेस कापून टाकतं आणि फक्त एक सूचना देतं. पुढच्या वर्षी ‘..._२०२४’ काढायला गेलात की तेही कापून त्याच नावाचं होतं. साध्या आज्ञेला ‘टेबल आधीच आहे’ अशी चूक तरी येते. पण वर्ष बदलण्याची स्क्रिप्ट ‘नसेल तर तयार कर’ अशी लिहिलेली असेल, तर ती चूकही येत नाही. क्वेरीतलं नावही तसंच कापलं जातं, त्यामुळे सगळं सुरळीत चालल्यासारखं दिसतं, आणि नव्या वर्षाची बिलं गुपचूप जुन्या टेबलात जमत राहतात. डीबीव्हरच्या झाडात असं शेपूट तुटलेलं नाव डोळ्यांना लगेच टोचतं, हा त्याचा एक अनपेक्षित फायदा. बरं, नाव छोटं ठेवा आणि मराठी वर्णन टेबलाच्या कॉमेंटमध्ये लिहा. तिथे मर्यादेची कटकट नाही, आणि डीबीव्हर टेबलांच्या यादीत वर्णनाचा वेगळा कॉलम दाखवतं. ‘बिल_नवीन’, ‘बिल_नवीन२’, ‘बिल_टेम्प_फायनल’ ही मंडळी प्रत्येक डेटाबेसमध्ये असतात. शनिवारी रात्री सराफ्याच्या खाऊबाजारातल्या गर्दीत ‘गराडूवाल्यापाशी उभा आहे’ असं फोनवर सांगण्याइतकाच त्या नावांचा उपयोग.

शोधायची सोय ही डीबीव्हरची खरी ताकद. कंट्रोल-एचने उघडणाऱ्या शोधात ‘डीबी मेटाडेटा’चा टॅब आहे. तिथे नावाचा तुकडा टाकून टेबल, कॉलम, व्ह्यू असा प्रकार निवडता येतो. ‘एचएसएन’ (जीएसटीचा मालाचा कोड) असलेले सगळे कॉलम कुठे आहेत हे एका फटक्यात कळतं. निकालांची कमाल संख्या खाली ठरवलेली असते, ती वाढवा, नाहीतर यादी मधेच तोडलेली असते आणि तुम्हाला वाटतं तेवढेच आहेत. शोधही एका स्कीमापुरता मर्यादित ठेवा. याच खिडकीत प्रत्यक्ष डेटामध्ये मजकूर शोधण्याचाही टॅब आहे. चालू सर्व्हरवर भर दुपारी त्याला हात लावू नये, तो टेबलामागून टेबल वाचत सुटतो. रोज लागणारी पंधरा-वीस टेबलं प्रोजेक्टमधल्या बुकमार्कांत ओढून ठेवली की झाडाकडे जायची गरज फारशी पडत नाही. बाहेरून टेबलं वाढली तर झाडाला ते आपोआप कळत नाही, एफ५ दाबावं लागतं. ते त्या स्कीमावर उभं राहून दाबा. जोडणीच्या मुळावर दाबलंत तर वाचलेलं सगळं टाकून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

ईआर आकृतीबद्दल (टेबलांमधली नाती दाखवणाऱ्या चित्राबद्दल) थोडक्यात: संपूर्ण स्कीमाची आकृती उघडू नका. २९४ चौकोनांचं जाळं वाचता येत नाही, आणि या जातीच्या डेटाबेसांत फॉरेन की (एका टेबलाचं दुसऱ्याशी नातं सांगणाऱ्या खुणा) बहुधा लावलेल्याच नसतात, त्यामुळे रेघाही नाहीत, नुसते विखुरलेले डबे. प्रोजेक्टमध्ये कोरी आकृती काढून बिल, बिलाच्या ओळी, माल आणि खातेदार एवढीच टेबलं त्यात ओढा. नातं दाखवायला डीबीव्हरमध्ये आभासी फॉरेन की लावता येते. ती सर्व्हरवर जात नाही, तुमच्या मशीनवरच राहते, म्हणून नव्याने आलेल्या माणसाला रचना समजावण्यासाठी बिनधोक.

जोडणीचा प्रकार ‘प्रॉडक्शन’ ठेवला तर रंग बदलतो, बदलाआधी विचारणा होते आणि ऑटो-कमिट (प्रत्येक आज्ञा आपोआप पक्की होणं) बंद होतं. पहिल्या दोन गोष्टी चांगल्या, तिसरी त्रासाची. साधा सिलेक्ट चालवून माणूस चहाला गेला की डेटाबेसचा व्यवहार (ट्रान्झॅक्शन) उघडाच राहतो. सर्व्हरच्या पीजी-स्टॅट-अ‍ॅक्टिव्हिटीत ‘डीबीव्हर – मेन’ अशा नावासमोर ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ दिसतं. त्या टेबलावरचं हलकं कुलूप तसंच लागलेलं असतं, त्याच्यामागे रचनाबदलाची आज्ञा अडकते, आणि तिच्यामागे त्या टेबलाची साधी बिलंसुद्धा रांगेत उभी राहतात. सर्व्हरवर अशा पडून राहिलेल्या व्यवहाराला कालमर्यादा घालायची सोय पोस्टग्रेस ९.६ पासून आहे. डीबीव्हरमधून येणाऱ्या युजरला ती पाच मिनिटांची लावा. एका माणसाच्या डीबीव्हरमुळे दोन-तीन जोडण्या खर्ची पडतात हेही मोजणीत धरा, कारण सर्व्हरची मूळ मर्यादा १०० जोडण्यांची असते.

आता साडेतीनवर का थांबलो ते. १८० पेढ्यांच्या बिल-टेबलात एकच कॉलम वाढवायचा आहे असं धरा. डीबीव्हरच्या झाडातून हे करणं म्हणजे १८० वेळा तीच उठाठेव. पीएसक्यूएलमध्ये जीएक्झेक नावाची आज्ञा आहे: क्वेरीनेच १८० आज्ञांचा मजकूर तयार करायचा, स्कीमाचं नाव फॉरमॅट फंक्शनच्या ‘आय’ खुणेने अवतरणांत बसवायचं, आणि जीएक्झेक त्या एकामागून एक चालवतं. सगळ्या आज्ञा एकाच व्यवहारात गुंडाळू नका. एक पेढी अडली तर बाकीच्या १७९ ची कुलुपं लटकून राहतात. प्रत्येक आज्ञा वेगळी जाऊ द्या, कुलपासाठी थांबायची मर्यादा दोन सेकंद ठेवा, आणि ज्या पेढ्या राहतील त्या दुपारच्या जेवणाच्या वेळेला पुन्हा चालवा. पोस्टग्रेस ११ पासून स्थिर डीफॉल्ट किमतीचा कॉलम वाढवताना पूर्ण टेबल नव्याने लिहिलं जात नाही, त्यामुळे काम क्षणात होतं.

अशा राहिलेल्या पेढ्यांमुळेच रचना एकमेकींपासून ढळत जातात. दोन स्कीमांची तुलना करायची पुरी सोय डीबीव्हरच्या पैशाच्या आवृत्तीत आहे. पण १८० च्या तुलनेला ती तशीही अपुरीच. त्यापेक्षा पीजी-अ‍ॅट्रिब्यूटवरून प्रत्येक टेबलाच्या कॉलमांची नावं आणि प्रकार ठरलेल्या क्रमाने जोडून एकच ओळ करा, त्या ओळीचा एमडी५ (मजकुराचा छोटा ठसा) काढा, आणि टेबलाचं नाव व तो एमडी५ यांवर गट पाडून मोजा. ‘बिल’साठी एकच गट १८० चा आला तर सगळं जागेवर. १७३, ६ आणि १ असे तीन गट आले तर ती सात घरं कोणती ते लगेच दिसतं. ही क्वेरी डीबीव्हरमध्ये साठवून दर सोमवारी चालवा, निकाल जाळीत छान दिसतो.

बॅकअपच्या बाबतीत डीबीव्हरची खिडकी आतून पीजी-डम्प हे पोस्टग्रेसचं बॅकअपचं साधनच चालवते, त्यामुळे अडचणीही त्याच्याच. पीजी-डम्प सुरुवातीलाच प्रत्येक टेबलावर कुलूप घेतं. कुलुपांची जागा म्हणजे ‘मॅक्स लॉक्स पर ट्रान्झॅक्शन’ गुणिले जोडण्यांची मर्यादा, मूळ आकड्यांनी ६४ गुणिले १००, म्हणजे ६,४००. आपल्याला हवीत ५२,९२०. ‘आउट ऑफ शेअर्ड मेमरी’ असा निरोप येतो आणि लोक सर्व्हरची रॅम वाढवायला धावतात. रॅमचा इथे काही संबंध नाही. तो आकडा ६४ वरून ६०० करा आणि सर्व्हर पुन्हा सुरू करा, नुसतं रीलोड चालत नाही. दुसरी वाट म्हणजे पेढीगणिक वेगळा डम्प. एका वेळी २९४ कुलुपं, काहीच अडचण नाही, आणि एखाद्या शेटजींना त्यांचा एकट्याचा डेटा परत हवा असेल तर तो सुटा मिळतो. पण एक स्कीमा मागितला तरी पीजी-डम्प आधी सगळ्या डेटाबेसच्या दप्तराची यादी वाचतं, आणि तीच चळत १८० वेळा उलटली जाते. म्हणून रात्रभराचा वेळ धरून चाला. सर्व्हर विंडोजवर असेल तर अँटीव्हायरसला पोस्टग्रेसचं डेटा फोल्डर वगळायला सांगा. दोन लाख फायलींची झडती तो इमानेइतबारे घेत राहतो.

पीजी-अ‍ॅडमिन ४ मध्येही वस्तू शोधायची खिडकी आहे, आणि फक्त पोस्टग्रेसच असेल तर ते पुरतं. मायएसक्यूएलही सांभाळणाऱ्याला डीबीव्हर सोयीचं. स्कीमास्पाय स्कीमाची वाचण्याजोगी एचटीएमएल पानं काढून देतं, पण एका नमुना पेढीपुरतंच चालवा. मायएसक्यूएलवाल्यांना एक सूचना पुरे: त्याचं कमांड-लाइन साधन सुरू होताना नावं पूर्ण करून देण्यासाठी सगळ्या टेबलांची माहिती वाचत बसतं, मोठ्या ‘ए’चा पर्याय देऊन ते बंद करता येतं.

ज्यांना मूळ दुखण्यावर औषध हवंय त्यांनी ४२ च टेबलं ठेवावीत, पेढीचा क्रमांक हा कॉलम वाढवावा आणि वर्षानुसार पार्टिशन (एकाच टेबलाचे आतले भाग) पाडावीत. ही सोय पोस्टग्रेस १० पासून आहे. सगळ्यांना पाडली तरी ४२ मूळ टेबलं आणि २९४ पार्टिशन, एकूण ३३६. माल आणि खातेदार यांना तर वर्षाची गरजही नाही. डीबीव्हर पार्टिशनं मूळ टेबलाच्या पोटात दाखवतं, त्यामुळे झाडात पसारा होत नाही. एका पेढीला दुसरीची बिलं दिसू नयेत म्हणून ओळींच्या पातळीवरची सुरक्षा लावावी. टेबलाच्या मालकाला ती मुळात लागू होत नाही, म्हणून सॉफ्टवेअरचा युजर आणि टेबलांचा मालक वेगळे हवेत. प्रायमरी कीमध्ये वर्षाचा कॉलम असावाच लागतो, नुसता बिल क्रमांक चालत नाही. आणि पुढच्या वर्षाचं पार्टिशन मार्चमध्येच काढून ठेवा. ते नसेल आणि डीफॉल्ट पार्टिशनही नसेल, तर १ एप्रिलचं पहिलं बिल चूक दाखवून परत येईल. डीफॉल्ट ठेवलं असेल तर बिलं त्यात जमतील, पण मग नव्या वर्षाचं पार्टिशन जोडताना ‘या वर्षाच्या ओळी डीफॉल्टमध्ये आधीच आहेत’ म्हणून पोस्टग्रेस नकार देईल, आणि त्या ओळी आधी हाताने बाहेर काढाव्या लागतील, तेही बाजार चालू असताना.